घाटाच्या दोन अंगांना

मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ता पनवेल मागे टाकून खोपोलीकडे निघतो आणि बोरघाट चढून पलीकडे देशावर उतरतो. पनवेलचं आणि औषधांचं नातं जुनं आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये ‘धूतपापेश्वर’ची स्थापना केली ती याच गावात. हा लेख मात्र त्यानंतरच्या, स्वातंत्र्योत्तर काळातल्या औषधांचा आहे आणि त्याचे धागे घाटाच्या दोन्ही अंगांना पसरले आहेत.

१९५४ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने दोन कंपन्या स्थापन केल्या. एक हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जिचा कारखाना घाटापलीकडे पिंपरीला उभा राहिला. दुसरी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स. तिची सुरुवात दिल्लीत डीडीटीपासून झाली आणि पुढे तिचा एक कारखाना घाटाअलीकडे, पनवेलजवळच्या रसायनीत, पाताळगंगेच्या काठी आला. दोन्ही कंपन्यांच्या पाठीशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ होते. एकीचं काम जंतू मारण्याचं, दुसरीचं डास आणि पिकांवरची कीड मारण्याचं. वरवर पाहता दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही पिंपरीत तयार झालेलं स्ट्रेप्टोमायसिन आणि रसायनीत तयार झालेलं मॅलॅथिऑन माणसाच्या शरीरात एका विशिष्ट ठिकाणी येऊन भेटतात. ते ठिकाण म्हणजे चेतातंतू जिथे संपतो आणि स्नायू जिथे सुरू होतो ती सूक्ष्म जागा. तिथे एक श्वास थांबवण्याच्या दिशेने ढकलतं, आणि दुसरंही शेवटी श्वासच थांबवतं, पण नेमक्या उलट्या वाटेने.

आधी पिंपरीविषयी. हा कारखाना उभा राहण्यामागे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांचा ध्यास होता. १९३२ पासून स्वातंत्र्याच्या आगेमागेपर्यंत ते हाफकिनमध्ये होते. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने आरोग्यावर नेमलेली उपसमिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लस, सर्पविषावरचा सीरम, सल्फा औषधं यांच्या निर्मितीचा अनुभव असलेल्या या माणसाला एक गोष्ट सलत होती. पेनिसिलिनसारखं जीव वाचवणारं औषध या देशाने दुसऱ्याच्या मर्जीवर विकत का घ्यावं? पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेल्यावरही त्यांनी हा आग्रह सोडला नाही. १९५५ मध्ये पिंपरीला पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आजूबाजूच्या गावांतली, मावळातली मुलं पांढरे कोट घालून किण्वनाच्या मोठाल्या टाक्यांपाशी उभी राहिली. या देशाच्या विज्ञानाच्या इतिहासातला हा एक देखणा प्रसंग आहे, आणि त्याची आठवण आपण फारच कमी काढतो. काही वर्षांनी अमेरिकेच्या मर्क कंपनीशी करार होऊन तिथेच स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं.

स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या एका जंतूपासून मिळालं. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने १९४३ मध्ये ते वेगळं केलं. क्षयाच्या जंतूवर चालणारं हे पहिलं खरं औषध. ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला फक्त विश्रांती, हे चिठ्ठीवर सोपवून झालेली ही चाचणी वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरली. १९४८ मध्ये तिचा अहवाल आला. औषध काम करत होतं. पण त्याच अहवालात रुग्णांना येणाऱ्या चकरांचीही नोंद होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर त्याआधीच, १९४६ मध्ये, मर्कच्या शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं होतं की मोठ्या मात्रेत हे औषध स्नायूंना लुळं पाडतं आणि श्वास बंद करतं. नव्या औषधाच्या आनंदात ती ओळ फारशी कुणी वाचली नाही.

ती ओळ खरी ठरली शस्त्रक्रियेच्या टेबलावर. १९४९ मध्ये वॅक्समन आणि त्यांचे सहकारी ह्युबर्ट लेशव्हालिए यांनी स्ट्रेप्टोमायसिनचं भावंड शोधलं, नियोमायसिन. आतडं फुटून पोटात घाण पसरलेल्या रुग्णांचं पोट शिवण्याआधी शल्यविशारद आत नियोमायसिनचं द्रावण ओतू लागले. जंतू जिथे आहेत तिथेच औषध, हा विचार सरळ होता. पण पोटाच्या आतलं आवरण मोठं असतं आणि ते औषध झपाट्याने शोषून घेतं. १९५६ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर प्रिजेन यांनी ‘सर्जरी’ या नियतकालिकात अशा रुग्णांची हकीकत छापली ज्यांचा श्वास पोटात नियोमायसिन ओतल्यावर थांबला होता. रुग्ण ईथरच्या गुंगीत होते. पोट शिवून झालेलं, आता शुद्धीवर येतील अशी अपेक्षा, आणि छाती हलेना. हृदय चालू, नाडी लागते आहे, पण श्वासाचे स्नायू गप्प.

काय घडत होतं ते समजायला त्या सूक्ष्म जागेचा इतिहास थोडा पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी दक्षिण अमेरिकेतलं बाणांना लावायचं विष, क्युरारे, बेडकाला देऊन पाहिलं. चेतातंतू शाबूत, स्नायू शाबूत, पण तंतूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही, असं त्यांना दिसलं. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी त्यावरून अनुमान काढलं की स्नायूवर हुकूम स्वीकारणारा काहीतरी खास पदार्थ असला पाहिजे. आज आपण ज्याला रिसेप्टर म्हणतो, मराठीत ग्राही, त्याची ही पहिली चाहूल. पुढे हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं की तंतूच्या टोकातून असिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि तेच या ग्राहींवर जाऊन बसतं. लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की हे रसायन ठरावीक आकाराच्या पुड्यांनी सुटतं. पुड्या सुटायला कॅल्शियम लागतं, आणि मॅग्नेशियम ते सुटणं रोखतं. पनवेल, उरण, पेणच्या मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरतं, त्याचा कडवटपणा याच मॅग्नेशियमच्या क्षारांचा. कॅट्झना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

नियोमायसिनचं कोडं सुटण्याची सोय अशी आधीच होऊन बसली होती. ती जुळवली ब्राझीलमध्ये. ओस्वाल्डो व्हितल ब्राझिल आणि त्यांचे सहकारी कोराडो यांनी १९५७ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या क्युरारेसारख्या परिणामावर निबंध प्रसिद्ध केला. स्ट्रेप्टोमायसिनचा परिणाम क्युरारेपेक्षा मॅग्नेशियमशी जास्त जुळतो आणि कॅल्शियम दिलं की तो उतरतो, असं त्यांना आढळलं. औषधाचे धनभारित रेणू तंतूच्या टोकावर कॅल्शियमच्या वाटा अडवतात, त्यामुळे असिटिलकोलिनच्या पुड्या कमी सुटतात. शिवाय स्नायूकडचे ग्राहीही थोडे बधिर होतात. ओस्वाल्डो हे सर्पविषावरच्या औषधाचे आद्य संशोधक व्हितल ब्राझिल यांचे चिरंजीव. सापाच्या विषाने माणूस कसा लुळा पडतो हे ज्या घरात रोजचं बोलणं होतं, त्या घरातल्या माणसालाच अँटिबायोटिकमध्ये तीच खूण दिसावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

कोकणातल्या माणसाला तर ही खूण पुस्तकाशिवाय माहीत आहे. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दंश फारसा दुखत नाही, आणि पहाटे पोटात कळ येऊन माणूस उठतो तेव्हा त्याच्या पापण्या जड झालेल्या असतात. मग गिळता येत नाही, बोलणं घोगरं होतं आणि शेवटी श्वास. मण्यारीच्याच नात्यातल्या एका आशियाई सापाच्या विषातून १९६३ मध्ये तैवानच्या चँग आणि ली यांनी जो अंश वेगळा काढला, तो स्नायूवरच्या ग्राहींना इतका घट्ट चिकटतो की त्याच्या आधारे पुढे ग्राही मोजता आले, वेगळे काढता आले. पनवेल तालुक्यातल्या एखाद्या वाडीत पापण्या मिटलेला रुग्ण पाहून त्याला श्वासाचं यंत्र लावणारा डॉक्टर आणि नियोमायसिनने श्वास थांबलेल्या रुग्णाची छाती हलवत राहणारा भूलतज्ज्ञ, दोघे एकाच जागेशी झुंजत असतात.

१९५० च्या दशकात त्या झुंजीसाठी साधनं फार नव्हती. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या छातीत हाताने हवा भरली आणि तेवढ्यावर असंख्य जीव वाचले. त्याच शहरातून १९५६ मध्ये, म्हणजे प्रिजेन यांचा निबंध आला त्याच वर्षी, हाताने दाबायची अम्बू बॅग बाजारात आली. अँटिबायोटिकमुळे थांबलेल्या श्वासावरचा खरा इलाज तोच होता, औषध शरीरातून निघून जाईपर्यंत हवा देत राहायचं. सोबत शिरेतून कॅल्शियम, आणि काहींना निओस्टिग्मिन. ही अवस्था तात्पुरती आहे हे ठाऊक असलेला भूलतज्ज्ञ तासन्‌तास पिशवी दाबत बसत असे. ज्याला ठाऊक नव्हतं, तो रुग्णाला भूल जास्त झाली असं समजून हात टेकत असे. एवढ्या एका माहितीवर जीव तोलला जात होता.

आणि इथे रसायनी पुन्हा चित्रात येते. निओस्टिग्मिन काम कसं करतं? असिटिलकोलिनचा निरोप पोचला की त्याला लगेच मोडून टाकणारं एक विकर त्या जागी असतं. निओस्टिग्मिन त्या विकराला काही काळ रोखतं, त्यामुळे जेवढं असिटिलकोलिन सुटतं तेवढं जास्त वेळ टिकतं. मॅलॅथिऑन आणि त्याच्या कुळातली कीटकनाशकं शरीरात गेली की याच विकराला गाठतात, पण सोडत नाहीत. मग असिटिलकोलिनचा पूर येतो, स्नायू आधी फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून फेस येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, तेव्हा त्यांनी वापरलेल्या औषधांमध्ये याच कुळातली कीटकनाशकंही होती. घाटाअलीकडच्या कारखान्याने आणि घाटापलीकडच्या कारखान्याने एकाच जागेची दोन टोकं हातात धरली होती, याची त्यांच्या फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या कामगारांना कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

पेनिसिलिनविषयीही सांगायला हवं, कारण पिंपरीचं पहिलं अपत्य ते. चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर ते निरुपद्रवी आहे. पण १९४५ मध्येच वॉकर आणि जॉन्सन यांनी नोंदवलं होतं की मेंदूच्या पृष्ठभागाशी पेनिसिलिन थेट गेलं तर झटके येतात. मेंदूत खवळलेल्या पेशींना शांत करणारे जे ग्राही असतात, गॅबाचे, त्यांना ते अडवतं. नेहमीच्या मात्रेत, मूत्रपिंडं नीट असतील तर, ही भीती बाळगायचं कारण नाही. मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या वृद्धाला मात्र याच कुळातलं सेफेपिमसारखं इंजेक्शन पूर्ण मात्रेत गेलं, तर तो भलतंसलतं बोलू लागतो, आणि घरच्यांना वाटतं, वयामुळे भ्रम झाला.

आता क्षयाकडे परत. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने सिद्ध केलं की क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवण्याची गरज नाही, घरी राहून घेतलेली औषधंही तितकीच लागू पडतात. १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. औषध घरी दिलं तर रुग्ण ते घेतोच की नाही हे कळत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा दवाखान्यात बोलावून समोर इंजेक्शन देण्याची पद्धतही मद्रासलाच तपासली गेली. स्ट्रेप्टोमायसिनची सुई अशी रुग्ण आणि दवाखाना यांच्यातला दुवा बनली. तिने लाखो माणसं जगवली, यात शंका नाही. आणि त्यातल्या काहींना आयुष्यभर अंधारात भिंत धरून चालायला लावलं.

कारण कान. आतल्या कानात ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या संवेदक पेशी असतात, टोकाशी केसांसारखे तंतू असलेल्या. ध्वनी किंवा डोक्याची हालचाल त्यांच्या ज्या बारीक छिद्रांतून विद्युत संदेशात बदलते, त्याच छिद्रांतून स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातली औषधं आत शिरतात आणि पेशींना मारतात. स्नायूवरचा परिणाम औषध उतरलं की उतरतो. कानातली पेशी मेली की माणसात ती पुन्हा उगवत नाही. स्ट्रेप्टोमायसिन जास्त करून तोल नेतं. जपानच्या हामाओ उमेझावा यांनी १९५७ मध्ये जाहीर केलेलं कॅनामायसिन जास्त करून ऐकू येणं नेतं. काही कुटुंबांत आईकडून येणारा एक जनुकीय बदल असतो, त्यांच्यात थोड्याशा मात्रेनेही बहिरेपण येतं. स्ट्रेप्टोमायसिनवर असलेला रुग्ण दिवसा बरा चालायचा, कारण डोळे तोल सांभाळायचे. रात्री दिवा गेला की पडायचा. ‘अशक्तपणा आहे, खाऊन-पिऊन भरून येईल’ असं त्याला सांगितलं जायचं, आणि ते कधी भरून यायचं नाही.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे आणले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. अशा हट्टी क्षयाला तेव्हा कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यावी लागत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचं ऐकू येणं २०१३ मध्ये अशाच उपचारात गेलं. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्याबरोबर बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याला हरकत घेतली, कारण ही गोळी स्वस्त झाली तर इतरांना सुई टाळता येणार होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने पेटंटधारक कंपनीचा अर्ज फेटाळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच कॅनामायसिन न वापरण्याचा सल्ला दिला होता. औषधाने ज्यांचं नुकसान केलं त्यांनीच पुढच्यांसाठी वाट मोकळी केली, आणि तेही चिडून औषधांच्या विरोधात न जाता, चांगल्या औषधाची मागणी करून. या प्रसंगाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

घराघरांत सापडणारी सोफ्रामायसिनची ट्यूब पाहा. तिच्यातलं फ्रामायसेटिन म्हणजे नियोमायसिनचाच एक प्रकार. जखमेवर भुरभुरायच्या पिवळ्या डबीत नियोमायसिनबरोबर पॉलिमिक्सिनही असतं. खरचटलेल्या गुडघ्याला हे लावायला हरकत नाही, कातडीतून रक्तात जवळजवळ काही जात नाही. पण मोठ्या भाजलेल्या अंगावर ते रोज चोपडलं तर बरंच आत जातं आणि कान जाऊ शकतात. मलम तेच, प्रश्न पृष्ठभाग किती उघडा आहे याचा.

या सगळ्यात एक गट असा आहे, ज्याच्यासाठी ही माहिती जीवनमरणाची आहे. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात शरीर स्वतःच स्नायूंवरच्या ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पापण्या संध्याकाळपर्यंत मिटू लागतात, घास चावता चावता जबडा थकतो. १९३४ मध्ये लंडनच्या मेरी वॉकर यांनी अशा रुग्णाला निओस्टिग्मिनच्या भावंडाचं इंजेक्शन देऊन उभं केलं होतं. या रुग्णांकडे ग्राही आधीच तुटपुंजे असतात, त्यामुळे इतरांना न जाणवणारा औषधाचा परिणाम त्यांना लगेच पाडतो. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातली जेंटामायसिन, अमिकासिन तर टाळायचीच. पण लघवीच्या जळजळीला सहज लिहून दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनही त्यांचा श्वास अडचणीत आणू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये या गोळ्यांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. सर्दी-खोकल्याला औषधाच्या दुकानातून थेट घेतल्या जाणाऱ्या अझिथ्रोमायसिनबद्दलही अशा रुग्णांच्या नोंदी आहेत. आपल्याकडे गोळ्या बहुधा पट्टी कापून सुट्या मिळतात. इशाऱ्याचा कागद खोक्यातच राहतो.

पनवेलच्या कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग सुरू होतो. त्यावरच्या अपघातानंतर अतिदक्षता विभागात पोचलेल्या माणसाला श्वासाची नळी घालताना स्नायू शिथिल करणारी औषधं द्यावी लागतात, आणि पुढे जंतुसंसर्ग झाला तर अमिकासिन. दोन्ही एकाच जागेवर जोर करतात, म्हणून यंत्र काढायची वेळ आली तरी छाती आळसावलेली राहू शकते. भूलतज्ज्ञ मग मनगटापाशी विजेचे बारीक झटके देऊन अंगठा किती जोराने हलतो ते पाहतो आणि ठरवतो, आणखी थांबायचं की नळी काढायची.

गेल्या काही वर्षांत अतिदक्षता विभागात एक जुनं औषध परत आलं आहे. पॉलिमिक्सिन १९४७ मधलं. मूत्रपिंडांना आणि चेतासंस्थेला होणाऱ्या त्रासामुळे १९७० च्या दशकापर्यंत ते जवळजवळ मागे पडलं होतं. १९६८ मध्ये त्याने श्वास थांबलेल्या रुग्णांची नोंद छापली गेली. त्या वेळचे डॉक्टर लिहून गेले आहेत की नियोमायसिनच्या बाबतीत मदत करणारं कॅल्शियम आणि निओस्टिग्मिन इथे भरवशाचं नाही, यंत्रावर ठेवून वाट पाहणं एवढंच हाती असतं. आज बाकी कोणत्याच अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू आपल्या अतिदक्षता विभागांत आहेत, म्हणून त्याचं भावंड कॉलिस्टिन पुन्हा रोज वापरलं जातं. औषध चालू असताना रुग्णाच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, शब्द अडखळू लागले, तर रात्रपाळीच्या परिचारिकेने ते फायलीत लिहून डॉक्टरांना उठवायचं असतं, मग रात्रीचे तीन वाजले असले तरी.